कॅटमरान युद्धनौकेची ताकद मोजायची कशी?

तैवानच्या नौदलाची ‘तुओ चियांग’ ही कॅटमरान युद्धनौका २०१४ साली सुआओ बंदरात पाण्यात उतरली आणि लगेच तिला एक बिरुद चिकटलं: विमानवाहू नौकांचा कर्दनकाळ. वजन जेमतेम ६०० टन, लांबी ६० मीटर, वेग ४० नॉटच्या (ताशी सुमारे ७४ किलोमीटर) आसपास आणि अंगावर १६ जहाजविरोधी क्षेपणास्त्रं. आता हा आकडा आपल्या घरच्या आकड्याशेजारी ठेवून बघा. मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘आयएनएस कोलकाता’ या विनाशिकेवर ब्राह्मोसही १६च आहेत, आणि तिचं वजन ७,००० टनांच्या पुढे आहे.

दहाव्या हिश्श्याहून लहान जहाजात तेवढाच मारा? बातमी इथे थांबते. वाचकाला वाटतं, एकतर मोठी जहाजं बांधणारी नौदलं पैसे पाण्यात घालतायत, नाहीतर तैवान थापा मारतंय. दोन्ही खरं नाही. गोम अशी की क्षेपणास्त्रांची संख्या हा युद्धनौकेबद्दलचा सर्वांत सहज मिळणारा आणि सर्वांत कमी बोलणारा आकडा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: या छोट्या कॅटमरान नौका एकट्या मोजायच्याच नसतात. त्या ज्या किनाऱ्यावरून निघतात, त्या किनाऱ्यासकट मोजायच्या असतात.

आधी जहाज समजून घेऊ.

दोन हल कशासाठी?

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या कॅटमरानमध्ये बसलेल्यांना मूळ रचना वेगळी सांगायला नको. एका रुंद हलऐवजी दोन अरुंद हल, मध्ये मोकळं पाणी, वर दोघांना जोडणारं सपाट डेक. हल म्हणजे जहाजाचं पाण्यात बसणारं अंग. जहाज पुढे जाताना इंजिनाची बरीच ताकद लाटा उठवण्यात खर्ची पडते आणि वेग वाढवला की ही उधळपट्टी भराभर वाढते. एका मर्यादेनंतर साधं जहाज स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत राहतं. मोठं इंजिन बसवलं तरी वेगात फारशी भर पडत नाही. लांब आणि अरुंद हल लाटा कमी उठवतो. पण एकटा अरुंद हल कलंडायला बघतो. म्हणून दोन घ्यायचे आणि अंतर ठेवून जोडायचे.

यात आणखी दोन गोष्टी पदरात पडतात. एक म्हणजे लांबीच्या मानाने ऐसपैस डेक. इराणच्या रिव्होल्युशनरी गार्डच्या नौदलात २०२२ मध्ये दाखल झालेली ‘शहीद सुलेमानी’ ही कॅटमरान सुमारे ६०० टनांचीच आहे, तरी तिच्यावर हेलिकॉप्टर उतरण्याची जागा आहे आणि उभ्या नळ्यांमधून सुटणारी क्षेपणास्त्रंही. एकाच हलच्या तेवढ्या वजनाच्या जहाजावर हे सगळं बसवताना रचनाकाराच्या नाकी नऊ येतील. दुसरी गोष्ट उथळ पाण्याची. चीनच्या ‘टाइप ०२२’ या कॅटमरान नौकांना दीड मीटर खोल पाणी पुरतं. त्यांना बाहेर डोकावणारा पंखा नाही. पाणी आत ओढून मागे जोरात फेकणाऱ्या वॉटरजेटवर त्या पळतात. मोठं जहाज जिथे शिरायचं धाडस करणार नाही, अशा खाड्यांमध्ये आणि बेटांच्या आडोशाला त्या दबा धरू शकतात.

आता या सोयींची किंमत. अरुंद हल पाण्याच्या पृष्ठभागावर कमी जागा व्यापतो, त्यामुळे वर चढवलेल्या प्रत्येक टनामागे तो रुंद हलपेक्षा जास्त खाली बसतो. जास्त बसला की मधल्या डेकचं पोट लाटांच्या जवळ येतं आणि समुद्र खवळला की लाटा त्या पोटावर खालून धडका देऊ लागतात. लाटेवर चढण्याऐवजी तिच्यात घुसणारी टोकदार नाळ (जहाजाचं पुढचं टोक) दिली तर ही आदळआपट कमी होते. तैवान आणि चीन दोघांनीही तशीच रचना घेतली आहे. कमी होते, संपत नाही. शिवाय रुंद बैठकीमुळे कॅटमरान कमी कलते खरी, पण कलते तेव्हा झटक्याने सरळ होते, आणि लाटा तिरक्या मागून आल्या की पिळवटल्यासारखी हलते. ब्रोशरवरचा वेग शांत पाण्यातला असतो. तैवानच्या सामुद्रधुनीत हिवाळ्यात ईशान्य मोसमी वारे सुटतात तेव्हा समुद्र असा होतो की चीनच्या २२० टनांच्या नौकेला तो वेग नुसता टिकवणंसुद्धा जड जावं.

वजनाच्या या धाकापायी कॅटमरानचा रचनाकार किलोकिलोचा हिशेब करतो आणि पोलादाऐवजी ॲल्युमिनियम घेतो. ॲल्युमिनियम साधारण ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, आणि त्याच्या खूप आधीच लेचंपेचं होतं. १९७५ साली अमेरिकेची ‘बेल्कनॅप’ ही क्रूझर ‘जॉन एफ. केनेडी’ या विमानवाहू नौकेवर आदळली, इंधनाची आग लागली आणि तिचा ॲल्युमिनियमचा वरचा भाग अक्षरशः कोसळला. (फॉकलंड युद्धातली ‘शेफिल्ड’ ॲल्युमिनियममुळे जळाली ही गोष्ट मात्र अजून सांगितली जाते, ती चुकीची आहे. तिचा वरचा भाग पोलादाचाच होता.) कॅटमरानला खरोखर क्षेपणास्त्र लागलं तर काय होतं, याचं एक उदाहरण १ ऑक्टोबर २०१६ ला येमेनच्या किनाऱ्याजवळ घडलं. टास्मानियात बांधलेली, पूर्वी अमेरिकी नौदलाने वापरलेली आणि तेव्हा संयुक्त अरब अमिरातीकडे असलेली ९८ मीटर लांबीची ‘स्विफ्ट’ ही कॅटमरान हुथींच्या क्षेपणास्त्राने पेटली. ती बुडाली नाही. पण पुढचा भाग फाटून, जळून गेला आणि जहाज निकामी झालं. ‘तुओ चियांग’ लांबीने तिच्यापेक्षा बरीच लहान आहे. एवढ्याशा नौकेला एक क्षेपणास्त्र लागलं की खेळ संपला, असंच धरून चालायचं.

चार मोठी की आठ लहान?

आपल्याकडे क्षेपणास्त्र नौका म्हटलं की ४ डिसेंबर १९७१ ची रात्र आठवते. ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन नौकांनी कराचीसमोर ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिझ’ ही सुरुंग काढणारी नौका बुडवली. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो यामुळेच. या नौका सोव्हिएत ‘ओसा’ वर्गाच्या, सुमारे २०० टनांच्या. प्रत्येकीवर ‘स्टिक्स’ जातीची चार क्षेपणास्त्रं.

चीनची ‘टाइप ०२२’ वजनाने जवळपास तेवढीच आहे. खरं तर चीनने ती स्वतःकडच्या ‘ओसा’च्या नकलांची जागा घ्यायलाच बांधली. हिच्यावर क्षेपणास्त्रं आठ. म्हणजे ताकद दुप्पट? एक स्टिक्स सव्वादोन टनांच्या वर भरायचं आणि त्याच्या तोंडाशी साडेचारशे-पाचशे किलो स्फोटक असायचं. चीनचं ‘वायजे-८३’ पाऊण टनाच्या आसपास, आणि त्यातलं स्फोटक दोनशे किलोंच्या आत. लहान क्षेपणास्त्रं आहेत म्हणून आठ मावली. एकेका घावाचं बळ कमी झालं, घावांची संख्या वाढली. यात गैर काही नाही, कारण आजच्या विनाशिका येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडतात. तिथे चार मोठ्यांपेक्षा आठ लहान उपयोगी. पण बातमीतला ‘आठ’ आणि इतिहासातला ‘चार’ हे एकाच मापाचे आकडे नव्हेत, एवढं लक्षात ठेवायचं.

खरा फरक पल्ल्यात आहे, आणि तिथेच या सगळ्या प्रकरणाची मेख आहे. स्टिक्सचा पल्ला सुमारे ४० किलोमीटर होता. ‘वायजे-८३’ १८० किलोमीटरच्या आसपास जातं.

१८० किलोमीटर मारणार, पण बघणार किती?

पृथ्वी गोल आहे आणि जहाजावरच्या रडारचे किरण साधारण सरळ जातात. त्यामुळे रडार कितीही महागडं असलं तरी क्षितिजाआडचं त्याला दिसत नाही. अंतर काढायची सोपी रीत आहे: रडारच्या उंचीचं वर्गमूळ आणि लक्ष्याच्या उंचीचं वर्गमूळ (दोन्ही मीटरमध्ये) यांची बेरीज करून तिला चारने गुणायचं; उत्तर किलोमीटरमध्ये मिळतं. छोट्या नौकेचं रडार पाण्यापासून १२ मीटरवर असेल आणि समोरच्या विनाशिकेचा वरचा भाग २५ मीटर उंच असेल, तर उत्तर येतं ३४. कधी कधी समुद्रावर हवेचे थर असे जमतात की किरण वाकून लांबवर जातात. पण त्या भरवशावर लढाईची आखणी करता येत नाही.

आता १९७१ कडे पुन्हा बघा. क्षेपणास्त्र ४० किलोमीटर जात होतं आणि नौकेला स्वतःला साधारण तेवढंच दिसत होतं. दिसलं, डागलं, लागलं. आजच्या नौकेचा हात साडेचारपट लांब झाला, डोळे मात्र होते तिथेच राहिले. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसला तर दोघांचं भागतं, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. क्षेपणास्त्र नौकेचं हुबेहूब तसंच आहे. धावायचं आणि मारायचं काम तिचं, बघायचं काम दुसऱ्या कुणाचं तरी. तो ‘दुसरा’ म्हणजे गस्ती विमान, ड्रोन, उपग्रह, किनाऱ्यावरचं रडार, नाहीतर मासेमारी बोटीचं सोंग घेतलेली टेहळणी नौका.

आणि नुसतं एकदा बघून भागत नाही. ‘वायजे-८३’ सेकंदाला सुमारे ३०० मीटर जातं. १८० किलोमीटर कापायला दहा मिनिटं. तेवढ्या वेळात ३० नॉटने चाललेली विनाशिका नऊ किलोमीटरहून जास्त सरकलेली असते, कुठल्या दिशेने ते माहीत नाही. क्षेपणास्त्राचं स्वतःचं छोटं रडार शेवटच्या टप्प्यात चालू होतं आणि समोरच्या पट्ट्यात जे मोठं दिसेल त्याकडे वळतं. ते विनाशिका असू शकतं, मालवाहू जहाजही असू शकतं. कराचीला त्या रात्री ‘व्हीनस चॅलेंजर’ हे व्यापारी जहाजही स्टिक्सने बुडालं होतं. तैवानची सामुद्रधुनी हा जगातला गजबजलेला सागरी रस्ता आहे. तिथे दहा मिनिटं जुनी माहिती घेऊन क्षेपणास्त्र सोडणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

२०१६ मध्ये तर युद्ध नसतानाच हे घडलं. तैवानच्या दक्षिणेकडच्या त्सोयिंग तळावर उभ्या असलेल्या एका गस्ती नौकेवरून सरावाच्या गोंधळात ‘शिउंग फेंग-३’ हे स्वनातीत (आवाजाहून वेगवान) क्षेपणास्त्र सुटलं आणि त्याने समुद्रात स्वतःच लक्ष्य शोधलं: एक तैवानी मासेमारी बोट. क्षेपणास्त्र बोटीच्या केबिनमधून आरपार गेलं, फुटलं नाही. बोटीचा कप्तान ठार झाला. हेच ‘शिउंग फेंग-३’ ‘तुओ चियांग’चं मुख्य हत्यार आहे. ते अचूक आहे यात शंका नाही. प्रश्न एवढाच की ते कशाला अचूकपणे लागेल.

तैवानच्या बाजूने एक गोष्ट आहे. बेटाच्या मध्यावर उंच डोंगर आहेत. मघाचंच गणित हजार मीटर उंचीवरच्या रडारला लावा: उत्तर दीडशेच्या जवळ जातं. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी १३० किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे डोंगरावरच्या रडारला जवळजवळ पलीकडचा किनारा दिसतो, आणि ती माहिती सुआओच्या खाडीत दडलेल्या नौकेला पोचवता येते. पण डोंगरावरचं रडार पळू शकत नाही. ते कुठे आहे हे बीजिंगला ठाऊक असतं आणि पहिल्या तासात मारा होणार तो त्याच्यावरच. ते गेलं की नौकेची नजर दीडशे किलोमीटरवरून पुन्हा ३४ वर आली.

एक कमी पडली तर?

क्षेपणास्त्रांची लढाई तोफांसारखी हळूहळू झिजवण्याची नसते. अमेरिकी नौदलातले कॅप्टन वेन ह्यूज यांनी १९८० च्या दशकात तिचं एक साधं समीकरण मांडलं: येणारी क्षेपणास्त्रं वजा पाडलेली क्षेपणास्त्रं, भागिले एक जहाज निकामी करायला लागणारे घाव. एवढंच. पण त्यातून जे बाहेर येतं ते मजेदार आहे.

समजा (आकडे निव्वळ उदाहरणाचे) आठ क्षेपणास्त्रांच्या तीन नौका तीन विनाशिकांवर तुटून पडल्या. २४ सुटली, त्यातली तीन चतुर्थांश, म्हणजे १८ नीट पोचली. प्रत्येक विनाशिका सहा पाडते, म्हणजे १८ पाडली. निकाल शून्य, विनाशिकांवर ओरखडाही नाही. आता तीनऐवजी चार नौका घ्या. ३२ सुटली, २४ पोचली, १८ पाडली, सहा लागली. दोन घावांत एक विनाशिका निकामी होत असेल तर तिन्ही गेल्या. एका नौकेच्या फरकाने ‘काहीच नाही’चं ‘सगळं’ झालं. याच चार नौकांनी दोन-दोनच्या जोडीने पंधरा मिनिटांच्या अंतराने मारा केला तर? प्रत्येक वेळी १२ पोचतात, १२ पडतात. पुन्हा शून्य.

चीनने सुमारे ६० ‘टाइप ०२२’ का बांधल्या याचं उत्तर या गणितात आहे, नौकेच्या निळ्या-पांढऱ्या रंगकामात नाही. वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या खाड्यांतून निघून एकाच मिनिटाला क्षेपणास्त्रं पोचवायची तर संख्या हवी आणि त्यांना सूत्रात बांधणारी संपर्कयंत्रणा हवी. आणि डागून झाल्यावर समुद्रात पुन्हा भरण्याची सोय नाही. बंदरात परत जायचं, क्रेन आणायची, नव्या पेट्या चढवायच्या. तोवर ते बंदर शिल्लक असायला हवं.

उलट बाजूही याच समीकरणात बसवून बघा. ‘टाइप ०२२’वर स्वतःच्या बचावाला मुख्यतः सहा नळ्यांची एक ३० मिलिमीटरची स्वयंचलित तोफ आहे. समुद्राला चिकटून, पाच मीटरवरून येणारं क्षेपणास्त्र तिच्या रडारला वीस-बावीस किलोमीटरवर पहिल्यांदा दिसणार. म्हणजे हातात सव्वा मिनिटाच्या आत-बाहेर वेळ. स्वनातीत असेल तर अर्धं मिनिट. नौकेचा ३६ नॉट वेग, म्हणजे ताशी ६७ किलोमीटर, इथे काडीचा उपयोगी नाही. ताशी हजार किलोमीटरवाल्यापासून कुणी पळत नसतं. हेलिकॉप्टरसुद्धा नौकेपेक्षा तिप्पट-चौपट वेगाने येतं. १९९१ च्या आखाती युद्धात इराकच्या वेगवान नौका ब्रिटिश ‘लिंक्स’ हेलिकॉप्टरांनी ‘सी स्कुआ’ या लहानशा क्षेपणास्त्रांनी एकामागून एक टिपल्या. जहाजविरोधी क्षेपणास्त्रं हेलिकॉप्टरवर मारता येत नाहीत.

हा धडा तैवानला कळला आहे, हे त्यांच्या दुसऱ्या जहाजात दिसतं. २०२१ मध्ये दाखल झालेली ‘ता चियांग’ ही सुधारित आवृत्ती पहिलीपेक्षा जड आहे. तिच्यावर जहाजविरोधी क्षेपणास्त्रं १६ वरून १२ केली आणि हवाई बचावाची १६ नवी बसवली. बातम्यांनी याला ‘अधिक शक्तिशाली’ म्हटलं. मला यात त्याहून महत्त्वाची कबुली दिसते: पहिली नौका मारू शकत होती, जगू शकत नव्हती. आणि अर्थात, वाढलेलं वजन त्याच दोन अरुंद हलवर चढलं.

मग वेग कशासाठी?

रात्रीसाठी. दहा तासांचा अंधार धरा. ६७ किलोमीटरच्या वेगाने तीन तासांत २०० किलोमीटर बाहेर, चार तास शोधायला-डागायला, तीन तासांत परत किनाऱ्याच्या विमानांच्या आणि तोफांच्या छायेत. उजाडायच्या आत घरी. १९७१ मध्येही रात्र निवडली ती पाकिस्तानी विमानांना टाळायला. त्या नौकांचा पल्ला इतका तोकडा होता की दुसऱ्या जहाजांनी दोर बांधून त्यांना ओढत नेण्याचे सराव झाले होते, आणि कराचीकडे जाताना ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ ही मोठी जहाजं सोबत होती. एकट्या त्याही नव्हत्या.

आता कुणी विचारेल, की किनाऱ्याचीच एवढी गरज असेल तर क्षेपणास्त्रं ट्रकवर ठेवली तर काय बिघडलं? प्रश्न रास्त आहे. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनने रशियाची ‘मॉस्क्वा’ ही क्रूझर किनाऱ्यावरून सोडलेल्या ‘नेपच्यून’ क्षेपणास्त्रांनीच बुडवली. तैवाननेही अमेरिकेकडून ट्रकवरची ‘हार्पून’ मागवली आहेत. ट्रक स्वस्त, लपायला बोगदा किंवा झाडी पुरते, बुडत तर नाहीच. नौकेला ट्रकवर मात करता येते ती दोन बाबतींत: मारा करण्याची जागा किनाऱ्यापासून दीडदोनशे किलोमीटर पुढे सरकवता येते, आणि शत्रूला अनपेक्षित दिशेकडून, म्हणजे बेटाच्या मागच्या पूर्व बाजूने, गाठता येतं. शिवाय शांततेच्या काळात ती गस्त घालू शकते, झेंडा दाखवू शकते. ट्रक ते करू शकत नाही. तरी पैसे मर्यादित असतील तर मी आधी ट्रक घेईन.

रडारला चुकवण्याच्या तिरप्या आकाराबद्दल फार लिहिलं जातं, मी थोडक्यात उरकतो. तो आकार उपयोगी आहे, विशेषतः मासेमारी बोटींच्या गर्दीत मिसळायला. पण पूर्ण वेगात निघालेल्या वॉटरजेटच्या मागे पांढऱ्या फेसाचा लांबलचक पट्टा राहतो. तो वरून कॅमेऱ्याला दिसतो, तिथे आकाराचा काही उपयोग नाही.

आणि वरून बघणारे आता फार झाले आहेत, पाण्यावरून चाल करून येणारेही. फेब्रुवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी क्रिमियातल्या दोनुझलाव्ह खाडीत रशियाची ‘इव्हानोव्हेत्स’ ही क्षेपणास्त्र नौका युक्रेनच्या स्फोटकं भरलेल्या, विनाचालक छोट्या बोटींनी बुडवली. ही ‘तारांतुल’ कुटुंबातली. आपल्या मुंबईच्या ‘किलर स्क्वाड्रन’मधल्या ‘वीर’ वर्गाच्या नौका (१९७१ च्या ‘वीर’हून वेगळ्या) त्याच कुटुंबातल्या. ‘इव्हानोव्हेत्स’ची क्षेपणास्त्रं स्वनातीत होती, वेग ४० नॉटच्या घरात, आणि सहा नळ्यांच्या ३० मिलिमीटरच्या तोफा दोन. रात्रीच्या त्या चित्रफितीत तोफा गोळ्या उडवताना दिसतात, आणि लहानशा बोटी एकामागून एक मागच्या बाजूला येऊन धडकतात. जहाजविरोधी क्षेपणास्त्र असल्या बोटीवर डागताच येत नाही.

भारताने आपल्या जुन्या क्षेपणास्त्र नौकांच्या जागी नव्या सहा मागवल्या आहेत. मार्च २०२३ मध्ये कोचीन शिपयार्डशी सुमारे ९,८०५ कोटींचा करार झाला. कमाल वेग ३३ नॉट, आणि हल एकच. वजनाचं गणित करून बघितलं तर त्यात नवल वाटत नाही. जहाजावरचं एक ब्राह्मोस तीन टनांच्या घरात जातं. आठ बसवली तर २४ टन, त्यावर नळ्यांचं वजन वेगळं. ‘टाइप ०२२’वरची आठही चिनी क्षेपणास्त्रं मिळून सहा-सात टन भरतात. तेवढं वजन दोन अरुंद हलवर तोलायचं तर कॅटमरान खूपच मोठी करावी लागेल, आणि जून ते सप्टेंबर अरबी समुद्र तिच्या डेकच्या पोटावर खालून ठोके देत राहील. आपल्या नौदलाकडे कॅटमरान नाही असं नाही: २०१२ मध्ये कारवारला दाखल झालेली ‘आयएनएस मकर’ दोन हलचीच आहे. तिचं काम सागरतळाचं सर्वेक्षण. रुंद, स्थिर डेक आणि संथ गती, दोन्हीचा तिथे पुरेपूर उपयोग होतो.